वाटा आणि हक्क : ‘अलॉटमेंट’ ह्या शब्दाचा इतिहास

इंग्लंडमधील बहुतेक शहरांच्या कडेला, पुष्कळदा रेल्वेच्या रुळांलगत, लहान लहान तुकड्यांत विभागलेली जमीन दृष्टीस पडते. प्रत्येक तुकड्यात बटाट्याचे सरे, कोबीचे वाफे, घेवड्याच्या वेलांसाठी रोवलेल्या काठ्या आणि एका कोपऱ्यात अवजारे ठेवण्याचे लाकडी खोपट असते. ही जमीन बहुधा स्थानिक संस्थेची, क्वचित चर्चची वा एखाद्या विश्वस्तनिधीची असते. तिचा एकेक तुकडा वार्षिक भाड्याने घेऊन लोक आपल्या कुटुंबापुरता भाजीपाला पिकवितात. ह्या तुकड्याला इंग्रजीत ‘अलॉटमेंट’ म्हणतात.

मराठीत ह्या शब्दासाठी ‘परसबाग’ हा पर्याय वापरण्याकडे कल दिसतो. हा पर्याय सोयीचा असला तरी दिशाभूल करणारा आहे. परस हे घराचे अंग आहे. ज्याचे घर त्याचे परस, आणि ते घराच्या पाठीशी असायचेच. अलॉटमेंट मात्र घरापासून दूर असते आणि तिची मालकी दुसऱ्याची असते. किंबहुना ज्यांच्या घराला परस उरले नाही, त्यांच्यासाठीच ती निर्माण झाली. ‘अलॉटमेंट’ ह्या शब्दात बागेचा उल्लेख नाही, भाजीचा नाही, घराचाही नाही. त्याचा अर्थ एवढाच की, वाटून दिलेला हिस्सा. कोणी वाटला, कशातून वाटला आणि कोणाला दिला, ह्याविषयी शब्द मौन पाळतो. हे मौन उलगडले म्हणजे इंग्लंडच्या ग्रामीण इतिहासाचे एक मोठे प्रकरण हाती येते.

१

शब्दाच्या मुळाशी ‘लॉट’ हा जर्मानिक शब्द आहे. कौल लावण्यासाठी जी वस्तू टाकीत, ती म्हणजे ‘लॉट’. त्यावरून कौलाने मिळालेला हिस्सा, आणि पुढे दैवाने पदरी पडलेली स्थिती, असे अर्थ त्याला प्राप्त झाले. मराठीतील ‘वाटा’ ह्या शब्दाचा प्रवास असाच आहे. जमिनीतही वाटा असतो आणि दुःखही माणसाच्या ‘वाट्याला’ येते.

मध्ययुगीन इंग्लंडच्या मोठ्या भागात गावाची शेती खुल्या पद्धतीने चाले. गावाच्या दोन किंवा तीन विस्तीर्ण शेतांत प्रत्येक कुटुंबाच्या लांबट पट्ट्या विखुरलेल्या असत. त्यांच्यामध्ये कुंपण नसे. नॉटिंगहॅमशरमधील लॅक्स्टन ह्या गावी ही पद्धत अद्याप टिकून आहे. शेताखेरीज गावाला सामाईक पडीक रान असे. आपल्याकडील गायरानाशी त्याची तुलना करता येईल. तेथे गाय चरे, हंसांचा कळप हिंडे, आणि चुलीसाठी काटक्या व पीट मिळे. कायद्याच्या दृष्टीने ह्या रानाचा मालक बहुधा जहागीरदारच असे. परंतु तेथे चराई करण्याचा व जळण नेण्याचा गावकऱ्यांचा हक्क परंपरेने मान्य होता.

गवताच्या कुरणांची वाटणी काही गावी दरवर्षी कौल लावून होत असे. ऑक्सफर्डशरमधील यार्नटन येथे खातेदारांची नावे असलेले लाकडी गोळे पिशवीतून काढून कुरणातील पट्ट्या ठरवीत, आणि ही प्रथा विसाव्या शतकापर्यंत चालू राहिली. ह्या व्यवहारात देणारा कोणीच नव्हता. हक्क आधीच सिद्ध होता. कोणती पट्टी कोणाची, एवढाच प्रश्न कौलाने सुटे. मराठीच्या आधारे सांगायचे तर येथे हिस्सा ‘वाट्याला येत’ होता, कोणी तो ‘वाटून देत’ नव्हते. ‘लॉट’ पासून ‘अलॉट’ हे क्रियापद जुन्या फ्रेंच भाषेच्या द्वारे सिद्ध झाले आणि त्याबरोबर वाक्यात देणारा कर्ता अवतरला. व्याकरणातील हा फरक पुढील तीन शतकांच्या इतिहासात फार महत्त्वाचा ठरला.

२

खुली शेते आणि सामाईक राने मोडून त्यांची खाजगी मालकीच्या सलग, कुंपण घातलेल्या शेतांत पुनर्रचना करणे, ह्या प्रक्रियेला इंग्रजीत ‘एन्क्लोजर’ म्हणतात. तिला मराठीत कुंपणबंदी म्हणता येईल. तिचा आरंभ मध्ययुगाच्या उत्तरार्धात झाला. तिला झालेला सर्वांत प्रसिद्ध विरोध एप्रिल १६४९ मधील आहे. राजा चार्ल्स पहिला ह्याचा शिरच्छेद होऊन जेमतेम दोन महिने झाले असता, जेरार्ड विन्स्टन्ली आणि त्याचे सहकारी सरे परगण्यातील सेंट जॉर्जेस हिल ह्या पडीक टेकडीवर गेले. तेथे त्यांनी जमीन खणून गाजरे, पार्सनिप आणि घेवडा लावला. ‘डिगर्स’, म्हणजे खणणारे, ह्या नावाने हा गट ओळखला जातो. त्यांनी कोणाकडे हिस्सा मागितला नाही. भूमी सर्वांची आहे, तेव्हा तिच्यावर अन्न पिकविण्यास कोणाच्या अनुज्ञेची गरज नाही, असा त्यांचा दावा होता. वर्षभरातच त्यांना हुसकावून लावण्यात आले.

अठराव्या शतकाच्या मध्यापासून कुंपणबंदीने कायद्याचे रूप धारण केले. १६०४ ते १९१४ ह्या काळात पार्लमेंटने ह्या विषयावर ५,२०० हून अधिक कायदे केले. त्यांखाली सुमारे ६८ लक्ष एकर, म्हणजे इंग्लंडच्या एकपंचमांशाहून थोडी अधिक भूमी आली. ह्यांतील बहुसंख्य कायदे १७५० नंतरच्या शंभर वर्षांतील आहेत. त्यांची कार्यपद्धती ठरलेली होती. मोठे जमीनदार अर्ज करीत, पार्लमेंट कायदा संमत करी, आयुक्त गावात येऊन हक्कदारांचे दावे ऐकत, मोजणी होई, आणि शेवटी नकाशासह निवाडा प्रसिद्ध होई. ह्या निवाड्यात जुन्या हक्कांच्या बदल्यात ज्याला जी जमीन मिळे, तिला ‘अलॉटमेंट’ अशी संज्ञा होती.

येथे एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. निवाड्यांच्या भाषेत जहागीरदाराला मिळालेली शेकडो एकर जमीन ही अलॉटमेंटच होती, चर्चच्या दशांश कराच्या बदल्यात दिलेली जमीनही अलॉटमेंटच, आणि एखाद्या झोपडीच्या मालकाला मिळालेला लहानसा तुकडाही अलॉटमेंटच. काही निवाड्यांत गरिबांच्या जळणासाठी थोडे रान राखून ठेवीत, त्यास ‘इंधनाची अलॉटमेंट’ म्हणत. शब्द सर्वांना समान होता. वाटणी समान नव्हती. ज्यांना चराईचा हक्क कागदोपत्री सिद्ध करता आला, त्यांना लहान तुकडे मिळाले. त्यांवर स्वखर्चाने कुंपण घालणे आणि मोजणीच्या खर्चाचा भाग भरणे त्यांच्यावर बंधनकारक होते, आणि हा भार न पेलल्यामुळे अनेकांनी ते विकून टाकले. ज्यांचा वापर केवळ रूढीने चालत आला होता, त्यांना काहीच मिळाले नाही. गाय बांधण्याचे साधन गेले, जळण गेले, आणि मनुष्य पूर्णपणे रोजंदारीवर अवलंबून राहिला. हेल्पस्टन गावचा शेतमजूर कवी जॉन क्लेअर ह्याने आपल्या गावाची १८०९ च्या कायद्याने झालेली कुंपणबंदी स्वतः पाहिली. त्याच्या काव्यातील दुःखाचा तो एक प्रमुख विषय आहे.

कुंपणबंदीमुळे उत्पादन वाढले, हे तिच्या समर्थकांचे म्हणणे निराधार नव्हते. तथापि समर्थकांतील अग्रणी आर्थर यंग ह्यालाच पुढे ह्या व्यवहाराच्या दुसऱ्या बाजूची जाणीव झाली. पडीक जमिनीतून गरिबांना तुकडे द्यावेत, असा प्रस्ताव त्याने १८०१ मध्ये मांडला.

३

येथून शब्दाच्या अर्थसंकोचास प्रारंभ होतो. मोठ्या मालकांच्या अलॉटमेंट कालांतराने केवळ ‘शेते’ झाल्या. त्या कोणी वाटून दिल्या होत्या, ह्याचे स्मरण भाषेने ठेवले नाही. गरिबांच्या तुकड्यांना मात्र ते नाव कायमचे चिकटले. विल्टशरमधील ग्रेट सॉमरफर्ड येथील उदाहरण बोलके आहे. तेथील धर्मगुरू स्टीफन डिमेन्ब्रे ह्यांनी राजा जॉर्ज तिसरा ह्याला विनंती केल्यामुळे १८०९ मध्ये कुंपणबंदीच्या वेळी थोडी जमीन गावच्या गरिबांसाठी कायमची राखून ठेवण्यात आली, आणि त्या बागा आजतागायत चालू आहेत. हेतू निःसंशय उदात्त होता. परंतु पूर्वी जे रूढीने होते, ते आता विनंतीने मिळू लागले होते.

१८१९ च्या कायद्याने पॅरिशला २० एकरांपर्यंत जमीन घेऊन ती गरिबांना भाड्याने देण्याची मुभा मिळाली. परंतु चळवळीला वेग आला तो १८३० च्या शरदऋतूत. केंट परगण्यापासून दक्षिण इंग्लंडभर शेतमजुरांनी मळणीयंत्रे मोडली आणि गंजी जाळल्या. हिवाळ्यातील मळणी हेच त्यांचे थंडीच्या दिवसांतील काम होते, आणि यंत्राने ते हिरावले होते. ह्या उठावाबद्दल १९ जणांना फाशी झाली व सुमारे ५०० जणांना समुद्रपार धाडण्यात आले. त्याच वर्षी ‘लेबरर्स फ्रेंड सोसायटी’ ह्या संस्थेची स्थापना झाली. मजुराला जमिनीचा तुकडा दिला की तो दंगलीपासून, दारूपासून आणि पॅरिशच्या मदतनिधीपासून दूर राहील, असा ह्या संस्थेचा प्रचार होता.

त्या काळातील भाडेपट्ट्यांच्या अटी ह्या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. रविवारी काम करू नये, चर्चला नियमित जावे, नांगर न लावता फावड्यानेच जमीन खणावी, गुन्हा सिद्ध झाल्यास तुकडा सोडावा, अशा अटी अनेक ठिकाणी असत. भाडे शेजारच्या शेताच्या दरापेक्षा पुष्कळदा अधिक असे. दुसऱ्या बाजूने शेतकऱ्यांचा ह्या योजनेला विरोध होता. मजूर स्वतःच्या तुकड्यावर राबून मालकाच्या शेतावर थकलेला येईल, बियाणे लांबवील, आणि घरात बटाटे असले की मजुरीच्या दराबाबत ताठरपणा दाखवील, अशी त्यांना धास्ती वाटे. ह्यांपैकी शेवटची भीती अस्थानी नव्हती. पोटापुरते पिकविणारा मनुष्य थोडा तरी स्वतंत्र होतो, हे दोन्ही पक्षांनी अचूक ओळखले होते.

१८४५ च्या सर्वसाधारण कुंपणबंदी कायद्याने श्रमिक गरिबांसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद केली आणि तुकड्याची कमाल मर्यादा पाव एकर, म्हणजे आपल्या मापाने १० गुंठे ठरविली. प्रत्यक्षात १८६९ पर्यंत सुमारे ६ लक्ष १५ हजार एकर जमिनीची कुंपणबंदी झाली आणि त्यांतील सुमारे २,२०० एकर ह्या कारणासाठी राखली गेली. हे प्रमाण दर हजार एकरांस चार एकरांहूनही कमी भरते. कायद्याने जे केले नाही, ते खाजगी दानाने मोठ्या प्रमाणात केले. १८७३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये सुमारे २ लक्ष ४२ हजार अलॉटमेंट होत्या. जेरेमी बर्चर्ट ह्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ह्या चळवळीचे सविस्तर अध्ययन केले आहे. मजुरांच्या कुटुंबांना ह्या तुकड्यांचा खरोखर लाभ झाला, हे त्यांतून स्पष्ट होते. तेव्हा दात्यांच्या हेतूंची केवळ चेष्टा करणे इतिहासाला धरून होणार नाही. प्रश्न लाभाचा नव्हता. लाभ कोणत्या नात्याने मिळतो, हा होता.

४

१८८४ च्या सुधारणा कायद्याने ग्रामीण श्रमिकांच्या मोठ्या वर्गाला मतदानाचा अधिकार मिळाला आणि हे नाते पालटू लागले. पुढील वर्षीच्या निवडणुकीत जेसी कॉलिंग्ज ह्यांच्या नावाशी निगडित असलेली ‘तीन एकर आणि एक गाय’ ही घोषणा गाजली. गायरान गेल्यास शतक उलटले होते, पण लोकांच्या मागणीत गाय अद्याप होती. जानेवारी १८८६ मध्ये कॉलिंग्ज ह्यांनी मांडलेल्या उपसूचनेवर लॉर्ड सॉल्झबरी ह्यांचे सरकार पराभूत झाले. अलॉटमेंट आणि लहान शेते ह्यांविषयी सरकारने काहीच योजिले नाही, हा त्या उपसूचनेचा विषय होता. आयर्लंडचा प्रश्न त्या वेळी अधिक निर्णायक होता, हे खरे; तरी भाजीच्या वाफ्यांच्या निमित्ताने सरकार पडावे, ही घटना सामान्य नव्हे. सॉल्झबरी ह्यांच्याच पुढील सरकारने १८८७ चा अलॉटमेंट कायदा केला.

१९०७ च्या आणि त्याचे एकत्रीकरण करणाऱ्या १९०८ च्या कायद्याने ह्या विकासाला निश्चित आकार दिला. मागणी असल्यास जमीन उपलब्ध करून देणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरले, आणि सहा नोंदणीकृत मतदारांनी वा करदात्यांनी लेखी निवेदन दिल्यास संस्थेला त्याचा विचार करणे भाग झाले. कारकांच्या परिभाषेत सांगायचे तर ‘अलॉट’ ह्या क्रियापदाचा कर्ता तोच राहिला, पण त्याला क्रियेस प्रवृत्त करण्याची शक्ती संप्रदानाकडे, म्हणजे घेणाऱ्याकडे आली. दान हे बंधन झाले.

पहिल्या महायुद्धाने शब्दाचा सामाजिक परिघ वाढविला. जर्मन पाणबुड्यांमुळे धान्याची आयात धोक्यात आली, तेव्हा डिसेंबर १९१६ च्या आदेशाने रिकामी जमीन मालकाच्या संमतीवाचूनही लागवडीसाठी ताब्यात घेण्याचा अधिकार देण्यात आला. १९१८ पर्यंत तुकड्यांची संख्या सुमारे १५ लक्षांवर गेली. कारकून, शिक्षक, दुकानदार आणि स्त्रिया मोठ्या संख्येने फावडे घेऊन उतरल्या. १९१९ च्या कायद्याने ही सोय केवळ ‘श्रमिक वर्गा’साठी असल्याची अट काढून टाकली. १९२२ च्या कायद्याने अलॉटमेंट बागेची व्याख्या केली : ४० पोलांहून मोठा नसलेला, आणि धारकाने स्वतःच्या वा कुटुंबाच्या उपभोगासाठी मुख्यत्वे भाजीपाला किंवा फळे पिकविण्याकरिता कसलेला तुकडा. ४० पोल म्हणजे पाव एकर, म्हणजेच १८४५ ची मर्यादा. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र १० पोलांचा, म्हणजे अडीच गुंठ्यांचा तुकडा रूढ झाला. स्कॉटलंडच्या २०१५ च्या कायद्यातील २५० चौरस मीटर हे माप त्याच्याच जवळचे आहे. १९२५ च्या कायद्याने, अलॉटमेंटसाठी म्हणून संपादित केलेली जमीन मंत्र्याच्या संमतीवाचून विकण्यास स्थानिक संस्थांना मनाई केली.

दुसऱ्या महायुद्धात ‘विजयासाठी खणा’ ह्या सरकारी मोहिमेखाली ही संख्या पुन्हा सुमारे १४ लक्षांपर्यंत पोचली. टॉवर ऑफ लंडनच्या कोरड्या खंदकातही भाजी लावण्यात आली. राजसत्तेच्या खंदकात प्रजेची भाजी पिकलेली पाहण्यास विन्स्टन्ली हयात असता, तर त्याला आश्चर्य वाटले असते. मात्र ती सरकारच्या आवाहनावरून लावली होती, हेही त्याच्या नजरेतून सुटले नसते.

५

युद्धानंतर अन्नधान्याचे नियंत्रण १९५४ मध्ये संपले, घरांसाठी जमिनीची मागणी वाढली आणि तुकडे ओस पडू लागले. सरकारने १९६५ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातील भूगोलज्ञ हॅरी थॉर्प ह्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. १९६९ मधील तिच्या अहवालाची एक शिफारस भाषाभ्यासकाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. ‘अलॉटमेंट’ ह्या नावाला दानधर्माचा आणि दारिद्र्याचा वास येतो, म्हणून ते टाकून त्याऐवजी ‘फुरसतीची बाग’ अशा अर्थाचे ‘लेझर गार्डन’ हे नाव स्वीकारावे, असे समितीचे मत पडले.

अन्य देशांत अशी नामांतरे झाली आहेत. फ्रान्समध्ये पाद्री लमीर ह्यांनी १८९६ मध्ये संघटित केलेल्या ‘कामगारांच्या बागा’ १९५२ च्या कायद्याने ‘कौटुंबिक बागा’ झाल्या. जर्मनीत लाइपझिगचे वैद्य मोरिट्झ श्रेबर ह्यांच्या नावाने ह्या बागा ‘श्रेबरगार्टन’ म्हणून ओळखल्या जातात. वस्तुतः श्रेबर १८६१ मध्ये निवर्तले. त्यांच्या नावाची संस्था नंतर हाउशिल्ड ह्या शाळाप्रमुखाने मुलांच्या क्रीडांगणासाठी काढली, आणि त्या मैदानाच्या कडेला मुलांसाठी केलेले वाफे पुढे पालकांच्या हाती गेले. ज्याने वाफा खणला नाही, त्याचे नाव वाफ्याला लागले. रशियन ‘दाचा’ हा शब्द तर ‘देणे’ ह्या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. संस्कृत ‘दा’ हा त्याचाच भाऊबंद. झारने दिलेली जमीन म्हणून ती ‘दाचा’; पुढे तोच शब्द सोव्हिएत काळात सहाशे चौरस मीटरांच्या तुकड्यावर बटाटे लावणाऱ्या कामगाराच्या खोपटालाही लागू झाला.

इंग्लंडमध्ये मात्र ‘लेझर गार्डन’ हे नाव रुजले नाही. काही ठिकाणच्या पाट्यांवर आणि ह्या बागाइतदारांच्या राष्ट्रीय संस्थेच्या अधिकृत नावात ते ‘अलॉटमेंट’च्या जोडीने राहिले, लोकांच्या बोलण्यात आले नाही. ह्याची कारणे दोन संभवतात. एक, जमिनीला विक्रीपासून मिळणारे संरक्षण ‘अलॉटमेंट’ ह्याच शब्दाला कायद्याने जोडलेले होते, आणि नाव सोडणे म्हणजे ढाल खाली ठेवणे होते. दुसरे कारण अधिक खोल आहे. सहा दशकांच्या कायद्याने आणि दोन महायुद्धांच्या श्रमाने ह्या शब्दातील दानाचा अंश झिजून गेला होता. ज्यांच्या वाट्याला तो आला होता, त्यांना त्यात आता हक्क ऐकू येत होता. समितीने शब्दाची व्युत्पत्ती ऐकली. धारकांनी त्याचा प्रचलित अर्थ ऐकला. व्युत्पत्ती खरी असूनही अर्थावर तिची सत्ता चालत नाही, ह्या भाषाशास्त्रीय तत्त्वाचे ह्याहून उत्तम उदाहरण सापडणे कठीण.

ह्या इतिहासाच्या प्रकाशात ‘परसबाग’ हा पर्याय का अपुरा पडतो, हे ध्यानात येईल. ‘वाट्याची बाग’ असे म्हटल्यास निदान दोन्ही अर्थ, वाटून दिलेली आणि वाट्याला आलेली, शब्दात राहतात. महाराष्ट्रातील अभ्यासकाला हा भेद अपरिचित नाही. १९५९ मध्ये दादासाहेब गायकवाड ह्यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी जमिनीसाठी सत्याग्रह केला. पोटासाठी गायरानाचा तुकडा कसणाऱ्याच्या कृतीला महसुली दप्तरात ‘अतिक्रमण’ हा शब्द आहे, आणि त्याची मागणी मान्य झाली म्हणजे ते अतिक्रमण ‘नियमानुकूल’ होते. इंग्लंडमध्ये सामाईक राने बड्या मालकांकडे गेली, तेव्हा निवाड्यांनी त्या व्यवहाराला ‘वाटणी’ म्हटले होते. जमिनीच्या इतिहासात कोणत्या कृतीला कोणते नाव मिळते, हे बहुधा नाव देणाराच ठरवितो. ‘अलॉटमेंट’चा इतिहास इतकेच दाखवितो की, पुरेसा काळ आणि पुरेसे श्रम पडले, तर त्या नावाचा अर्थ जमीन कसणारेही बदलू शकतात.